आधी कीर्द, मग खतावणी

अगं, गेल्या रविवारी मावशीकडे जेवायला आले होते तेव्हाच बोलणार होते. पण सगळे पानावर बसलेले, त्यात काकांनी "सध्या पॅकेज किती देतात गं?" हा त्यांचा लाडका विषय काढलेला, म्हणून गप्प बसले. जेवणाआधी तू मांडीवर लॅपटॉप घेऊन "दोनच मिनिटं, आई" म्हणत बसली होतीस ना, तेव्हा मी तुझ्या खांद्यावरून डोकावले होते. वाईट खोड आहे माझी, कबूल. पण जे दिसलं ते बघून मला दहा वर्षांपूर्वीची मीच दिसले, म्हणून हे लिहितेय.

तुझ्या व्हीएस कोडच्या वरच्या पट्टीत चौदा टॅब उघडे होते. अनटायटल्ड एक, अनटायटल्ड चार, अनटायटल्ड एकवीस. एकही सेव्ह केलेला नव्हता. एकात कुणीतरी मीटिंगमध्ये सांगितलेली कमांड, एकात अर्धी राहिलेली एसक्यूएल क्वेरी, एकात एरर मेसेजची दोनशे ओळींची शेपटी. आणि एकात फक्त दोन शब्द: "विचार सरांना". काय विचारायचं, कुठल्या सरांना, का विचारायचं, काही पत्ता नाही.

हसत नाहीये मी. मावशी सांगत होती की तू रात्री अकरा अकरापर्यंत बसतेस. त्यातला निदान एक तास तू आधी एकदा सापडलेलीच गोष्ट पुन्हा शोधत असणार, हे मी पैजेवर सांगते.

व्हीएस कोडची एक सोय आहे, हॉट एक्झिट नावाची. सेव्ह न करता एडिटर बंद केलास तरी पुढच्या वेळी ते टॅब जसेच्या तसे परत येतात. फार गोड सोय आहे आणि तिनंच आपल्याला बिघडवलंय. आपल्याला वाटतं, लिहिलं ते राहिलं. पण ते राहतं एडिटरच्या स्वतःच्या कोपऱ्यात, त्या एका मशीनवर. मशीन बदललं की गेलं. माझा पहिल्या कंपनीतला लॅपटॉप एका गुरुवारी दुपारी बदलून मिळाला. "महत्त्वाच्या फायली सर्व्हरवर टाकल्यात ना?" असं विचारलं, मी "हो" म्हटलं. फायली टाकल्याच होत्या. टॅब कुठे फायली होते? आठ महिन्यांचं शहाणपण त्या दुपारी गेलं, आणि तक्रार करायलाही कुणी नव्हतं, कारण चूक माझीच.

तर आता मुद्द्याचं. एडिटरमध्ये टिपणं ठेवायची एक्स्टेन्शन्स डझनांनी आहेत. तू आज बाजारात जाऊन "नोट्स" असं शोधलंस तर यादी सरता सरणार नाही, आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. परीक्षेच्या आधी तू अभ्यासापेक्षा रंगीत पेनांवर जास्त वेळ घालवायचीस. म्हणून एक्स्टेन्शन कुठलं घ्यायचं, याच्या आधी लिहायचं काय, ते ऐक.

आपल्या आबांचं दुकान तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस. गल्ल्याशेजारी दोन चोपड्या असायच्या. एक कीर्द. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमानं तिच्यात जायचं: कोण आलं, काय नेलं, रोख की उधार. तिथे विचार करायचा नाही, नीटनेटकं करायचं नाही, फक्त तारीख घालून लिहायचं. दुसरी खतावणी. संध्याकाळी दिवा लावला की आबा कीर्दीतली एकेक ओळ उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायचे. आणि कीर्दीत त्या ओळीसमोर छोटंसं खाते पान लिहायचे, म्हणजे ही नोंद खतावणीत कुठल्या पानावर गेली ते कळावं. खात्यातही कीर्दीचं पान. दोन्हीकडून वाट. वर्षानं एखादा गिऱ्हाईक "मी नाही नेलं" म्हणाला, तर आबा दोन मिनिटांत तारीख दाखवायचे.

नोंदींचं सगळं शास्त्र एवढंच आहे बघ. बाकीचे लोक त्याला भारी नावं देतात. जर्मनीत निकलास लुहमान नावाचे समाजशास्त्रज्ञ होते, बीलेफेल्डच्या विद्यापीठात. त्यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहून लाकडी खणांत ठेवल्या, प्रत्येक चिठ्ठीवर दुसऱ्या चिठ्ठ्यांचे क्रमांक. आज नोंदींच्या अ‍ॅपवाल्यांची गाडी त्यांच्या नावावाचून सुटत नाही. थोर माणूस, प्रश्नच नाही. पण तू रिसर्च करत नाहीयेस, तू नोकरी करतेयस. तुला आबांची पद्धत जास्त कामाची.

एक फोल्डर कर. त्यात रोजची एक फाइल, नावात तारीख, इंग्रजी आकड्यांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. उलटं करू नकोस; वर्ष आधी असलं की फायली आपोआप क्रमानं लागतात. ही तुझी कीर्द. सकाळी उघडायची, दिवसभर उघडी ठेवायची. जे होईल ते तिच्यात, अशुद्ध, अर्धवट, इंग्रजी-मराठी मिसळून. आणि दुसरा फोल्डर विषयांचा: "लॉगिन", "पेमेंट", "डिप्लॉयमेंट", "टेस्ट डेटा". ती खतावणी. रोज संध्याकाळी नाही जमणार, मलाही जमत नाही. शुक्रवारी दुपारी, सगळे चहाला गेले की वीस मिनिटं. आठवड्याच्या कीर्दीतल्या पाच-सहा ओळी उचलायच्या, विषयाच्या फाइलमध्ये न्यायच्या. बाकीचं तिथेच कुजू दे.

आणि लिहायचं काय? इथे जरा थांबते, कारण इथेच सगळे चुकतात. नवीन मुलं "काय केलं" ते लिहितात. अगं, काय केलं ते गिट सांगतंच! कुठली ओळ कुणी कधी बदलली ते ब्लेममध्ये दिसतं. जे गिटला माहीत नसतं ते लिही: का केलं, आणि काय करून बघितलं पण चाललं नाही.

माझंच उदाहरण देते. एकदा रिपोर्टमध्ये काही व्यवहार आदल्या दिवशी दिसायचे. सगळे नाहीत, थोडेच. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी कळलं की सर्व्हर यूटीसीवर चालतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आपल्याकडे कुणी पैसे भरले, तर सर्व्हरच्या घड्याळात अजून कालचाच दिवस असतो. रिपोर्ट तारखेवर कापला जायचा, म्हणून तेवढेच व्यवहार मागे पडायचे. दुरुस्ती एका ओळीची. त्या दिवशीच्या कीर्दीत मी लिहिलं होतं: "डेटाबेसमध्ये वेळ बदलू नको, ती यूटीसीतच बरोबर आहे, फक्त रिपोर्ट काढताना बदल. कॉलमचा प्रकार बदलून बघितला, जुना डेटा बिघडला, परत घेतलं." जवळजवळ वर्षानं दुसऱ्या टीमच्या मुलानं नेमका तोच कॉलम बदलायचा घाट घातला. मी ती ओळ त्याला चिकटवली. तो म्हणाला, "ताई, तुमच्या लक्षात कसं राहतं?" माझ्या कुठे राहतं? चोपडीच्या लक्षात राहतं.

या अशा ओळींच्या आधी मी "कारण:" असा शब्द घालते. मग कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून सगळ्या फोल्डरात "कारण:" शोधलं की माझ्या नोकरीचं सगळं शहाणपण एकाखाली एक उभं राहतं. फुकट. एक्स्टेन्शनशिवाय.

हो, आता एक्स्टेन्शन्स. पण त्याआधी हे बघून ठेव, की एडिटरमध्ये मुळातच किती काय आहे. फाइल मार्कडाउनमध्ये ठेव, म्हणजे साधा मजकूर, शीर्षकासाठी हॅश, यादीसाठी आडवी रेघ. ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये काढली आणि आजही नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलंस की तीच फाइल सजलेली दिसते. बाजूच्या आउटलाइनमध्ये शीर्षकांचा आराखडा येतो. एका टिपणातून दुसऱ्याला साधा दुवा देता येतो, फाइलचं नावही एडिटर सुचवतो. रोजचा ठरलेला साचा हवा असेल तर स्निपेट बनव. त्यात आजची तारीख आपोआप पडते. एवढ्यावर पहिले पंधरा दिवस काढ. मनापासून सांगते, निम्म्या जणांना पुढे काही लागतच नाही.

पंधरा दिवसांनी काय खुपतं ते बघ, आणि जे खुपतं त्याचंच औषध घे.

विषयांच्या फायली वाढल्या आणि "याचा उल्लेख मी आणखी कुठे केला होता?" असं वाटायला लागलं, तर फोम नावाचं एक्स्टेन्शन घे. दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिलंस, [[पेमेंट]] असं, की दुवा तयार. ती फाइल अजून नसेल तरी चालतं, क्लिक केलंस की बनते. आणि पेमेंटची फाइल उघडलीस की बाजूला दिसतं, कुठकुठल्या टिपणांत तिचं नाव आलंय. म्हणजे आबांचं खाते पान, फक्त उलटी बाजू आपल्याला लिहावी लागत नाही. रोजची फाइल उघडायची कमांडही त्यात आहे, ऑल्ट-डी. शिवाय सगळ्या टिपणांचं जाळं ठिपक्या-रेघांत काढून दाखवतो. ते जाळं बघायला फार मजा येते, पाहुण्यांना दाखवायला उत्तम. मी त्याचा कामासाठी एकदाही उपयोग केलेला नाही.

फोम आला २०२० मध्ये. त्या वर्षी रोम रिसर्च नावाच्या अ‍ॅपचं लोकांना वेड लागलं होतं, आणि तेच आपल्या एडिटरमध्ये, आपल्याच फायलींवर करावं ही त्यामागची कल्पना. त्याच सुमाराला डेन्ड्रॉनही आला. त्याचा स्वभाव वेगळा: जाळं नाही, झाड. फाइलच्या नावातच टिंबं देऊन फांद्या करायच्या, भाषा टिंब पायथॉन टिंब तारखा, अशा. मी त्याच्या प्रेमातच पडले होते. तीन शनिवार फक्त नावं लावण्यात घालवले; शिस्तीच्या माणसाला शिस्तीचं साधन मिळालं की काम बाजूला राहतं, हा माझाच दोष. २०२३ च्या सुरुवातीला डेन्ड्रॉनचं नवं काम थांबलं, तो फक्त जुजबी देखभालीवर राहिला. त्या दिवशी मी घाबरत फोल्डर उघडला. फायली तिथेच, मार्कडाउनमध्ये, वाचता येतील अशा. प्रत्येकीच्या डोक्यावर त्यानं घातलेली आयडी आणि तारखांची पट्टी, ती राहू दिली. चौकटी कंसांचे दुवे साध्या एडिटरला कळेनात, ते फोम लावल्यावर बरेचसे चालू झाले. संपलं. एक दुपार गेली.

म्हणून एक्स्टेन्शन निवडताना माझा एकच प्रश्न असतो, आणि तो तूही विचार: उद्या हे बंद पडलं तर माझ्या हातात काय राहील? साध्या मजकुराच्या फायली राहत असतील तर खुशाल घे. टिपणं कुठेतरी त्याच्याच कप्प्यात, त्याच्याच भाषेत ठेवत असेल, तर कितीही देखणं असो, नको. बाजूच्या पट्टीत चिकटचिठ्ठी दाखवणारी काही छोटी एक्स्टेन्शन्स असतात, त्यातली काही मजकूर एडिटरच्या पोटात ठेवतात. तुझे चौदा टॅब आणि ती, यात फरक फक्त रंगाचा.

कोडच्या आतल्या खुणांचं वेगळं. तिथे तू टूडू, फिक्समी लिहितेसच. टूडू ट्री नावाचं एक्स्टेन्शन त्या सगळ्या गोळा करून बाजूला झाडासारख्या मांडतं. त्यात आपल्याला हवे ते शब्दही वाढवता येतात. बेटर कमेंट्स आहे, ते उद्गारचिन्हानं सुरू होणारी कमेंट लाल करतं, प्रश्नचिन्हाची निळी. बुकमार्क्स आहे, ओळीवर खूण करून नंतर उडी मारता येते. तिन्ही चांगली. पण लक्षात घे, कोडमधली कमेंट सगळ्यांच्या मालकीची असते, कीर्द तुझी एकटीची. "हे असं का केलंय देव जाणे" हे कीर्दीत लिहायचं. कोडमध्ये लिहिलंस आणि ज्यानं ते केलंय तोच तुझा कोड तपासायला बसला, तर... मला विचारू नकोस कसं माहीत.

एमॅक्सवाले आणि व्हिमवाले भेटले तर ते तुला हसतील, हसू दे. त्यांचं बरोबरच आहे म्हणा. एमॅक्समधला ऑर्ग मोड कार्स्टन डॉमिनिक नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये स्वतःच्या सोयीसाठी सुरू केला, आणि टिपणं, कामांची यादी, वेळेचा हिशेब, तक्ते, सगळं एकाच साध्या मजकुरात बसवलं. व्हिममध्ये व्हिमविकी आहे. पण पहिल्या वर्षात एडिटर बदलायचा उद्योग करू नकोस. टीम जे वापरते त्यातच राहा.

आता जपायच्या गोष्टी. या कुणी आधी सांगत नाही, ठेच लागल्यावर सांगतात.

टिपणांचा फोल्डर प्रोजेक्टच्या रेपोत ठेवू नकोस. मी ठेवला होता, हुशारी करून. गिटइग्नोअरमध्ये नाव घातलं तर ते सगळ्या टीमला दिसतं, म्हणून डॉट गिटच्या आत इन्फो फोल्डरात एक्सक्लूड नावाची फाइल असते, तिच्यात घातलं. ती फक्त आपल्यापुरती असते. कुणाला पत्ता नाही. वा, म्हटलं. मग एकदा बिल्ड अडला. एका सीनियरनं सांगितलं, "गिट क्लीन मार, एफडीएक्स लावून." मी मारला. त्यातल्या एक्सचा अर्थ असा, की दुर्लक्षित म्हणून नोंदवलेल्या फायलीही पुसून टाक. पुसल्या. कमिट कधी केल्याच नव्हत्या, त्यामुळे गिटकडेही नव्हत्या. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, हे आजवर तुझ्या भाओजींनाही सांगितलेलं नाही.

म्हणून फोल्डर बाहेर, वेगळा, स्वतःचा. त्यातच वेगळं गिट सुरू कर, म्हणजे जुनं काय होतं ते परत मिळतं. आणि एडिटरमध्ये "अ‍ॅड फोल्डर टू वर्कस्पेस" करून प्रोजेक्टच्या शेजारी बसव. एकाच खिडकीत दोन्ही दिसतात, शोध दोन्हीकडे चालतो, आणि रेपोत काही जात नाही.

पासवर्ड, टोकन, एपीआयची किल्ली, ग्राहकाचा नंबर टिपणात कधीच नाही. "तात्पुरतं" म्हणूनही नाही. फाइल कमिट झाली की नंतर ओळ पुसून उपयोग नसतो, गिटच्या इतिहासात ती राहते. चुकून झालंच तर लपवू नकोस. त्याच मिनिटाला लीडला सांग आणि ती किल्ली रद्द करून नवी घ्यायला लाव. ओरडा बसेल, पाच मिनिटांचा. लपवलंस तर फार महागात जातं. आणि कंपनीची टिपणं स्वतःच्या खासगी गिटहबवर चढवू नकोस. कंपनीनं दिलेली जागा असेल तर तिथे, नसेल तर विचार. नोकरी सोडताना टिपणं तिथेच राहतात. तू घेऊन जातेस ती लिहायची सवय.

कुठलंही एक्स्टेन्शन टाकताना इतकं ध्यानात ठेव, की एडिटरला जे जे करता येतं ते ते त्यालाही करता येतं. फायली वाचता येतात, प्रोग्रॅम चालवता येतो, इंटरनेटवर जाता येतं. रंग बदलणारं असो नाहीतर टिपणांचं, घरात घेतलेला माणूसच तो. कुणी बनवलंय, शेवटचं अद्ययावत कधी झालंय, मूळ कोड उघडा आहे का, एवढं बघ. प्रसिद्ध नावासारखंच, एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाव दिसलं, तर हातच लावू नकोस. हल्ली एडिटरमध्ये एआयचा मदतनीसही असतो, तो उघडलेल्या फोल्डरातलं वाचून उत्तर देऊ शकतो. म्हणून मॅनेजरविषयीची मतं त्या फोल्डरात नकोत. त्यासाठी कागदाची वही आहे, किंवा मी आहे.

मराठीत लिहायला लाजू नकोस. माझा राग, शंका, घोळ मराठीतच उमटतो, आणि तो उमटला की पुढचं सुचतं. एक अडचण मात्र आहे, ती तुला शोधताना छळेल. "दुसऱ्या", "करणाऱ्या" यातला तो अर्धा र. काही कीबोर्ड तो खालच्या टिंबाच्या ऱ नं बनवतात, काही साध्या र ला पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी, पण शोधणाऱ्या यंत्राला दोन वेगळे शब्द. घरच्या लॅपटॉपवर लिहिलेलं "दुसऱ्या" ऑफिसात शोधलं की सापडत नाही, आणि आपण म्हणतो, आपण लिहिलंच नव्हतं. म्हणून ज्या शब्दानं पुढे शोधायचंय तो साधा ठेव: "कारण", "अडलं", "ठरलं". फंक्शनची, टेबलांची नावं इंग्रजीतच, जशीच्या तशी. आणि एडिटरच्या सेटिंगमध्ये फॉन्टच्या यादीत तुझ्या नेहमीच्या फॉन्टनंतर स्वल्पविराम देऊन एखादा चांगला देवनागरी फॉन्ट घाल, नोटो सान्स देवनागरी पुरे. मग अक्षरं डोळ्यांना टोचत नाहीत.

आता शेवटचं, आणि हे एक्स्टेन्शनविषयी नाही.

मार्चमध्ये तुझं पहिलं अप्रेझल होईल. तुला विचारतील, वर्षभरात काय केलंस. तू म्हणशील, "सांगितलं ते सगळं केलं." शेजारचा मुलगा तारखांसकट चार गोष्टी सांगेल, त्यातली एक तुझी असेल. तो खोटारडा असेलच असं नाही. त्याला आठवतं, तुला आठवत नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय ना, आपणच आपलं काय सांगायचं. मग निदान लिहून तरी ठेव. कीर्दीत ज्या दिवशी काही सुटलं, कुणाला मदत केली, रात्री सर्व्हर पडला आणि तू उभी राहिलीस, त्या ओळीपुढे एक तारा कर. फेब्रुवारीत तारे शोध. दहा मिनिटांत तुझं वर्ष तुझ्यासमोर येईल, आणि ते तुला वाटतं त्याहून मोठं असेल.

मी बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेवरून परत आले तेव्हा माझ्या जागेवर दुसरं कुणी बसलं होतं. "तू जरा हळूहळू सुरुवात कर, सोपं काहीतरी घे," असं फार मायेनं सांगितलं गेलं. झोप नाही, डोकं जड, स्वतःचा पासवर्ड आठवेना. मलाच वाटायला लागलं होतं की मला आता काही येत नाही. मग मी खतावणी उघडली. पेमेंटची फाइल. वरपासून खालपर्यंत माझ्याच शब्दांत, माझ्याच चुकांसकट, का, कशासाठी, काय करू नये. दोन दिवस नुसती वाचत बसले. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कुणीतरी चुकीची वाट सुचवली आणि मी म्हटलं, "ते करून झालंय, चाललं नव्हतं, तारीख सांगू?" त्यानंतर मला सोपं काम कुणी दिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी येतेय तुझ्याकडे. मावशीला सांग, जेवायला थांबणार नाही, पण चहा घेईन. तोवर एक्स्टेन्शन एकही टाकू नकोस, आणि ते चौदा टॅब बंदही करू नकोस. आधी ते एकेक करून सेव्ह करू. "विचार सरांना"मध्ये नेमकं काय विचारायचं होतं, तेही दोघी मिळून शोधू.